एक नग, नापास

माझ्या नजरेतून काही सुटत नाही! ही फुशारकी नाही, मला पगारच त्याचा मिळतो. पाण्याचे नळ बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासनीस आहे. बारा वर्षं झाली. नळ हातात घ्यायचा, चावी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवायची, की मी डोळे मिटून सांगतो, हा गळणार आणि हा नाही गळणार. कारखान्यात मला सगळे ‘भिंग’ म्हणतात. तोंडावर ‘भिंगसाहेब’. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गेलं दीड वर्ष टपटपतोय, पण तो आमच्या कारखान्याचा नाही, त्यामुळे तो माझ्या अखत्यारीत येत नाही. बायकोचं मत वेगळं आहे.

तर अशा या माणसाने चौतिसाव्या वर्षी एमबीए करायचं ठरवलं. तेही साधंसुधं नाही! जिथे शंभर जण दार ठोठावतात आणि चार-पाच जणांना आत घेतात, तसल्या नामांकित बिझनेस स्कूलमध्ये. परीक्षा दिली, निबंध लिहिले, फॉर्म भरला. एकच गोष्ट उरली, वरिष्ठांचं शिफारसपत्र. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ते पोचलं नाही, तर बाकी सगळं केराच्या टोपलीत. पत्र द्यायचं होतं आमच्या मॅनेजरसाहेबांनी. आणि मी ते अजून मागितलंच नव्हतं.

“तीन महिने काय करत होता?” बायकोने विचारलं.

“योग्य वेळ बघत होतो.”

“मग? दिसली?”

“एकदा साहेब हसताना दिसले. पण तेव्हा ते फोनवर होते.”

हसू नका! माझी अडचण समजून घ्या. पत्र मागायचं म्हणजे ‘साहेब, मी तुम्हाला सोडून चाललो’ असं तोंडावर सांगायचं. आणि एवढं सांगून प्रवेश मिळालाच नाही तर? उरलेली चोवीस वर्षं त्याच साहेबांसमोर त्याच खुर्चीत मान खाली घालून बसायचं! म्हणून मी ठरवलं की आधी आपल्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती ते नीट काढायचं. पन्नास टक्क्यांच्या वर निघाली तर पत्र मागायचं, खाली निघाली तर अर्ज केलाच नव्हता असं समजायचं.

शक्यता सांगणाऱ्या वेबसाइट ढिगाने आहेत. एकीने मला एकाहत्तर टक्के दिले आणि लगेच एक कोर्स घ्यायला सांगितलं. दुसरीने नऊ टक्के दिले आणि तिनेही कोर्सच घ्यायला सांगितलं. अशा लोकांवर विश्वास कोण ठेवणार? त्यापेक्षा हाडाचा तपासनीस घरात असताना बाहेर विचारायचंच कशाला?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलावरची तपासणी पत्रकांची जाडजूड वही ओढली. आमच्याकडे कुठल्याही मालाचं भवितव्य याच पत्रकावर ठरतं. बॉलपेन घेतला आणि चांगला दाबून लिहायला बसलो.

मालाचं वर्णन: एमबीएसाठी उमेदवार. नग: एक. माल मिळाल्याची तारीख आणि वेळ: तिथे मी माझी जन्मतारीख टाकली, सकाळचे नऊ. दोष: इथे जागा अपुरी पडली! पहिला, निर्णय घ्यायला उशीर लावतो. दुसरा, मार्क मध्यम. तिसरा, पुढारपणाचा पुरावा नाही. एकदा सहलीचं पुढारपण केलं तेव्हा बस अकरा माणसांना मागे ठेवून निघून गेली. चौथा, मुलाखतीत घसा बसतो. पाचवा, वरिष्ठांना घाबरतो. शिफारसपत्र मागायला तीन महिने लावले.

मग एक रकाना आला, ‘पुरवठादाराचं नाव व पत्ता’. आता कोणीही शहाण्या माणसाने तो सोडून दिला असता. पण आमच्या कारखान्याचा पहिला नियम आहे की पत्रकातला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. बारा वर्षांत मी तो कधी मोडलेला नाही. हाताने आपोआप आईचं नाव लिहिलं, आणि खाली पत्ता, पिनकोडसकट.

मग हिशोब मांडला. मार्कांचे एवढे, अनुभवाचे एवढे, सहलीचे वजा. आकडा आला तेवीस टक्के. तीनदा केला, तीनदा तेवीसच! शंभरातले सत्याहत्तर नळ गळत असतील तर तो माल आपण पास करतो का? नाही करत. मग स्वतःचा म्हणून करायचा? मी छातीवर दगड ठेवून ‘नापास’वर खूण केली, सही ठोकली, पान फाडलं आणि खिशात घातलं. स्वतःच्या प्रामाणिकपणाने मीच भारावून गेलो होतो.

संध्याकाळी बायकोला पान दाखवलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं.

“एवढेच दोष?”

“म्हणजे?”

“घोरणं राहिलं. आणि हा नळ.”

“बिझनेस स्कूलचा आणि या नळाचा काय संबंध?”

“दोन वर्षांचा कोर्स आहे ना? दीड वर्षात तुमच्याकडून वॉशर बदलून झाला नाही.” मग तिने पान माझ्या हातात परत दिलं आणि जरा हळू म्हणाली, “अहो, विचारून तर बघा साहेबांना. तेवीस म्हणजे शून्य नाही.”

मी विषय बदलला. पहिला दोष!

मंगळवारी सकाळी मी जागेवर बसतो न बसतो तोच रेकॉर्डच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. या बाईंबद्दल सांगायला हवं. कारखान्यातलं प्रत्येक कागदपत्र त्यांच्या कपाटात असतं आणि प्रत्येक नंबर त्यांच्या डोक्यात. रजेच्या अर्जावर तारीख नसेल तर त्या माणसाला रजेवरून परत बोलावतात.

“भिंगसाहेब, पत्रक चारशे सतरा. एक नग, नापास. माल कुठे आहे?”

“ते… ते पान माझ्याकडे आहे.”

“पांढरं तुमच्याकडे. गुलाबी माझ्याकडे.” त्यांनी गुलाबी कागद माझ्यासमोर धरला. माझंच अक्षर, दोषांसकट, अगदी ठसठशीत!

बारा वर्षं मी रोज ती वही वापरतो. पांढऱ्या पानाखाली कार्बन असतो, त्याखाली गुलाबी, त्याखाली पिवळं, आणि खालची पानं शिपाई दुपारीच विभागांत पोचवतो, हे झोपेतही सांगेन. पण त्या दिवशी मी तपासनीस नव्हतो, माल होतो. मालाच्या हे लक्षात कसं येणार?

“बाई, ती गंमत होती. फाडून टाका.”

“नंबर असलेलं पत्रक फाडायचं?” मी त्यांना एखाद्याचा गळा दाबायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “रद्द करायचं तर मॅनेजरसाहेबांची सही लागेल.”

“साहेबांची नको!”

“मग नियमाने चालायचं. नापास माल लाल पिंजऱ्यात ठेवायचा. गुरुवारी अकराला आढावा बैठक. तिथे काय तो निर्णय होईल.”

लाल पिंजरा म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातली जाळीची खोली. नापास माल चुकून कोणी वापरू नये म्हणून तिथे कुलपात ठेवतात.

“मी पिंजऱ्यात बसू?”

बाईंनी खरोखर विचार केला. “आत खुर्ची मावणार नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशाला लाल टॅग अडकवला. “हा काढू नका. काढायला दोन सह्या लागतात.”

तेवढ्यात मला आठवलं. “बाई, पिवळं पान?”

“खरेदी विभागाकडे. पुरवठादाराला जातं ना ते.”

मी धावलो! खरेदी विभागातले गृहस्थ पाकिटावर पत्ता लिहीत होते. आठवड्याला शंभरेक पिवळी पानं ते पाठवतात. वाचतात फक्त पत्ता. “चारशे सतरा? कालच्याच कुरिअरने गेलं की! सोबत आपलं नेहमीचं पत्रही लावलंय.”

नेहमीचं पत्र मला पाठ आहे. ‘आपण पुरवलेल्या मालात सोबत नमूद केलेले दोष आढळले आहेत. त्यांचं मूळ कारण आणि केलेली सुधारणा गुरुवारच्या बैठकीत समक्ष हजर राहून सांगावी, अन्यथा आपल्याकडील पुढील मागणी बंद करण्यात येईल.’

आता माझ्या आईबद्दल. आई पाणीपुरवठा कार्यालयात बत्तीस वर्षं नोकरीला होती, तक्रार विभागात. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, बिल मात्र वेळेवर येतं, अशा हजारो तक्रारी तिच्या टेबलावरून गेल्या. एकही पत्र तिने उत्तराशिवाय ठेवलं नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली आणि या दहा वर्षांत तिच्याकडे कोणी तक्रार म्हणून केली नव्हती.

मी घाबरत घाबरत फोन लावला. “आई, कुरिअर आलं का गं?”

“आलं.” आवाजात उत्साह मावत नव्हता! “पुढील मागणी बंद करू म्हणतात. अरे, या वयात मी पुढची मागणी पुरवणार होते कुठून?”

“आई, ते चुकून…”

“चूक तुझीच आहे. वेळ सकाळी नऊ लिहिलीस. तू दुपारी पावणेतीनला झालास. डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती. निर्णय घ्यायला उशीर लावतो ना, तो दोष तिथपासूनचा आहे.”

“आई, तू बैठकीला येऊ नकोस. मी सांगतो त्यांना.”

“हे बघ, आता मी यात एक बाजू आहे. बैठकीआधी असं खासगीत बोलणं बरं दिसत नाही. काही असेल तर लेखी कळव.” फोन बंद!

बुधवार कसा गेला ते विचारू नका. लाल टॅग लावून मी कारखानाभर फिरत होतो. फोरमन मला बघून बाजूला सरकायचा. कँटीनमध्ये वाढणाऱ्या माणसाने विचारलं, “हे चुकून वापरात आलं तर?” मॅनेजरसाहेब दोनदा समोरून गेले. दोन्ही वेळा मी खांबामागे होतो.

गुरुवारी अकरा वाजता मी बैठकीच्या खोलीत शिरलो. लांब टेबलाच्या एका टोकाला मॅनेजरसाहेब, बाजूला खरेदीवाले, रेकॉर्डच्या बाई. आणि समोरच्या खुर्चीत, गळ्यात ‘पुरवठादार’ असं कार्ड घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, माझी आई! गेटवर तिने नियमाप्रमाणे वहीत सही केली होती. ‘कशाचा पुरवठा’ या रकान्यात ‘मुलगा’ असं लिहिलं होतं.

खरेदीवाल्यांनी कागद न बघताच नेहमीची सुरुवात केली. “हां, चारशे सतरा. बाई, हा माल तुमचाच ना?”

“माझाच.”

“मग दोष कसे राहिले?”

“चौतीस वर्षं वापरून झाल्यावर तक्रार येतेय. तुमच्या नळाची गॅरंटी किती?”

“पाच वर्षं,” खरेदीवाले बोलून गेले.

“बघा!” आईने पिशवीतून फाइल काढली. “शिवाय गेली नऊ वर्षं तो माझ्या ताब्यातही नाही. सूनबाईंकडे आहे. पण मी जबाबदारी टाळणार नाही.”

मॅनेजरसाहेबांनी गुलाबी कागद ओढून घेतला. चष्मा लावला. वाचू लागले. पाचव्या दोषाशी ते थांबले आणि मोठ्याने वाचलं, “वरिष्ठांना घाबरतो. शिफारसपत्र मागायला तीन महिने लावले.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कुठल्या वरिष्ठांना?”

माझा घसा बसला. चौथा दोष!

आई उभी राहिली आणि कागद नाकासमोर धरून वाचू लागली. “दोष पाच, मूळ कारण. हा लहान असताना दाराची बेल वाजली की टेबलाखाली जाऊन बसायचा. पाहुणे आले की आम्ही टेबलाचं कापड उचलून त्याला दाखवायचो आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे. ती चूक पुरवठादाराची आहे, मालाची नाही.” तिचा आवाज जरा हलला. “सुधारणा. मी आता हसत नाही. आपणही हसू नये ही विनंती.”

कोणीच हसलं नाही. रेकॉर्डच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं, पण त्या दिवशी ते फारच वाईट दिसलं असतं.

“भिंग,” साहेब म्हणाले, “सांगा काय ते.”

आणि मी बोललो! घोगऱ्या आवाजात, पण बोललो. “साहेब, मला एमबीए करायचंय. तुमचं पत्र हवंय. उद्या पाचच्या आत. शक्यता तेवीस टक्केच आहे, आणि नाही मिळाला प्रवेश तर मला इथेच राहायचंय.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. “मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. प्रत्येक जण दुसऱ्याचा माल नापास करतो. स्वतःला नापास करून वर सही करणारा पहिल्यांदाच बघतोय.” मग दरडावून म्हणाले, “तीन महिने! अहो, मी तुम्हाला खातो का?”

“नाही साहेब.”

“दोन सह्या ना, बाई? आणा इकडे.” त्यांनी पत्रकावर सही केली, बाईंनी केली, आणि माझा टॅग निघाला. खिशाला भोक पडलं ते पडलंच.

शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी शिफारसपत्र पोचलं. साहेबांनी चारच ओळी लिहिल्या, पण सोबत पुरावा म्हणून पत्रक चारशे सतरा आणि आईचं पूर्ण उत्तर जोडलं. रेकॉर्डच्या बाईंनी ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारून!

महिन्याभराने मुलाखतीचं बोलावणं आलं. मी भविष्यातली ध्येयं पाठ करून गेलो होतो. समोरच्या तीन प्राध्यापकांनी त्यातलं एकही विचारलं नाही. “हे उत्तर तुमच्या आईंनी स्वतः लिहिलं?” एकाने विचारलं. “हो.” “कोणाची मदत न घेता?” “हो.” “पावणेतीनचा मुद्दा फारच छान मांडलाय,” दुसऱ्या म्हणाल्या. वीस मिनिटं आईवरच बोलणं झालं. माझा घसा बसायला वेळच मिळाला नाही!

आणि निकाल? प्रतीक्षा यादी. अकरावा नंबर. म्हणजे पासही नाही आणि नापासही नाही. आमच्याकडे अशा मालाला पिवळा टॅग लावतात. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर होता, बाईंनी नंबर टाकून ठेवलेला. मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलून टाकला. आता तो फक्त रात्रीचा टपटपतो.

मी यादी वर सरकण्याची वाट बघत असतानाच त्या बिझनेस स्कूलचं जाड पाकीट आलं. फोडलं. आत पत्र होतं, आईच्या नावाचं. बैठकीच्या उत्तरावर तिने माझाच पत्ता संपर्कासाठी दिला होता. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं कशी द्यावीत या विषयावर पहिल्या वर्षाच्या वर्गासमोर एक तास बोलण्याचं सन्मानपूर्वक आमंत्रण. सोबत एक माणूस आणायला परवानगी.

तर मित्रहो, शेवटी मी त्या बिझनेस स्कूलच्या वर्गात जाऊन बसलो. गळ्यात ‘सोबत आलेले’ असं कार्ड होतं, मांडीवर आईची पिशवी. शेवटच्या बाकावरून फळा जरा तिरका दिसतो. आई तासभर बोलली, घड्याळाकडे एकदाही न बघता. वर्ग जागचा हलला नाही.

शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, त्या चारशे सतरा नंबरच्या मालाचं पुढे काय झालं?”

“तो काय, मागे बसलाय,” आई म्हणाली. “अजून वापरात आहे. परत पाठवलात तरी मी घेईन. पण एकदा ठेवून बघा, चालेल.”

सगळा वर्ग मागे वळला. प्राध्यापकसुद्धा. काहीतरी तडफदार बोलायची ती वेळ होती, आणि मला एकदम जाणवलं की मी पिशवी घेऊन बाकाखाली वाकलोय!

चपलेचा पट्टा बघत होतो, असं सांगितलं. तेवीसचे बावीस झाले असतील.